सकाळी सोपारा, दुपारी वसई, संध्याकाळी समुद्र : लोकलने एका दिवसाची सहल

विरार लोकल म्हटलं की नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दारात लटकणारी माणसं त्याने फोटोत पाहिलेली असतात, आणि मित्रांनी "तिकडे जायचं तर जीव मुठीत धरून जा" असं सांगून ठेवलेलं असतं. त्यातलं खरं एवढंच, की गर्दीला दिशा असते. सकाळी ती विरारहून चर्चगेटकडे येते, संध्याकाळी चर्चगेटहून विरारकडे परतते. आपण सकाळी मुंबईतून निघून विरारकडे जाणार आणि दिवेलागणीला परत फिरणार, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट. खिडकी मिळते, पाय लांब करता येतात आणि खाडी पाहता येते.

म्हणून पहिला सल्ला: शक्य असेल तर कामाच्या दिवशी रजा काढून जा, नाहीतर शनिवारी. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक असू शकतो, गाड्या कमी धावतात, आणि वसईच्या किनाऱ्यांवर अर्धी मुंबई उतरलेली असते. रविवारीच जमणार असेल तर आदल्या रात्री ब्लॉकची बातमी बघून घ्या.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ला हिरवागार दिसतो, पण दगड शेवाळलेले, गवत कमरेएवढं आणि त्या गवतात साप. मे महिन्यात दुपारी घाम पुसण्यातच दिवस जातो.

किती ठिकाणं धरायची

या पट्ट्यात पाहण्यासारखं इतकं आहे की मोह आवरत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्नाळ्याचा जलदुर्ग, जीवदानीचा डोंगर, सोपारा आणि वसईचा किल्ला हे सगळं एका दिवसात उरकलं. घरी आल्यावर आठवत होत्या फक्त रिक्षा. आता कोणालाही घेऊन जातो तेव्हा तीनच गोष्टी धरतो: सकाळी सोपाऱ्याचा स्तूप, दुपारनंतर वसईचा किल्ला, संध्याकाळी समुद्र. क्रमही हाच. उन्हाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे, आणि काळही ओळीने पुढे सरकतो: अशोक, मग पोर्तुगीज, मग मराठे. अर्नाळ्याला होडीतून जावं लागतं, त्याला वेगळा दिवस द्या.

गाडी आणि खिडकी

नालासोपाऱ्याचं एकेरी तिकीट काढा. परतीचा प्रवास वसई रोडहून असल्यामुळे तिथून वेगळं तिकीट काढायचं. दुसऱ्या वर्गाचं भाडं इतकं कमी आहे की त्याचा हिशोब करत बसू नका. तिकीट मोबाइलवरून काढणार असाल तर स्टेशनात शिरण्यापूर्वी काढा.

सकाळी सातच्या सुमाराची विरार फास्ट धरा. इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन विरार आहे ना, हे पाहून चढा. बोरिवली किंवा भाईंदरपर्यंतचीच गाडी असेल तर मध्येच उतरावं लागेल. चर्चगेट, दादर, अंधेरी, बोरिवली यांपैकी जे जवळ असेल तिथून चढा. मध्य रेल्वेवरची मंडळी दादरला गाडी बदलतात. कल्याण-डोंबिवलीकरांना दिव्याहून वसईला थेट मेमू आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक बघूनच घरातून निघा.

गाडीत डाव्या हाताची, म्हणजे पश्चिमेची खिडकी पकडा. बोरिवलीपर्यंत इमारतींच्या पाठी दिसत राहतात, तोवर चहा-नाश्ता उरकून घ्या. मीरा रोड गेलं की मिठागरं आणि खारफुटी दिसू लागते. भाईंदर सुटलं की गाडीचा आवाज बदलतो, खालची जमीन संपते आणि वसईची खाडी लागते. उल्हास नदी इथे समुद्राला मिळते. पूल ओलांडला असं वाटतं तोच पुन्हा जमीन येते आणि लगेच दुसरा पूल. मधला जमिनीचा तुकडा म्हणजे पाणजू बेट. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हाच्या स्टेशनांच्या यादीत नीला, बेसिन, पांजे अशी नावं आहेत. नीला म्हणजे आजचं नालासोपारा, बेसिन म्हणजे वसई आणि पांजे हे पाणजू. पूल जाईपर्यंत डावीकडे खाडीच्या मुखाकडे पाहत राहा. उजव्या काठाला, जिथे पाणी समुद्रात मिसळतं तिथे, दुपारी आपण उभे असणार आहोत.

एक कळकळीची विनंती. पुलावरून निर्माल्य किंवा नारळ खाडीत फेकू नका, आणि शेजारचा फेकत असेल तर त्याला थांबवा. पाणजूची माणसं पुलाच्या कडेने चालत ये-जा करतात, आणि धावत्या गाडीतून आलेला नारळ दगडासारखा लागतो. त्याने माणसं जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत.

सोपारा

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. सकाळी समोरच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्यांची रीघ असते. तिच्यातून वाट काढण्याऐवजी दोन मिनिटं थांबा, एक गाडी भरून गेली की जिना मोकळा होतो. बाहेर रिक्षावाल्याला "स्तूप" सांगितलं की पुरतं. जुनी माणसं त्या जागेला बुरुड राजाचा कोट म्हणतात.

आज नालासोपारा म्हणजे दाटीवाटीच्या चाळी आणि इमारती. पण नाळे आणि सोपारा अशा दोन गावांची नावं जोडून हे स्टेशनचं नाव झालं, आणि त्यातलं सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरचं हे मोठं बंदर ग्रीक खलाशांच्या लिखाणातही येतं. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथलाच.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी इथला विटांचा उंचवटा उकरला. आत दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राचे तुकडे होते. सोबत सोन्याची फुलं आणि आठ छोट्या बुद्धमूर्तीही मिळाल्या. हे सगळं आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यामुळे स्तूपापाशी पोचल्यावर डोळे दिपतील अशी अपेक्षा ठेवू नका. विटांचा खचलेला गोल, भोवती झाडं, आणि बहुतेक वेळा एखादा राखणदार, इतकंच दिसेल. पण कडेच्या एका विटेशेजारी स्वतःचा तळहात धरून पाहा. आजच्या विटेच्या मानाने ती केवढी रुंद आहे ते लगेच कळतं. विटांवर चढू मात्र नका.

त्याच वर्षी जवळच्या भाटेला तळ्यापाशी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा विषय सहलीला निघालेल्यांनी वाचावा असा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि मौजमजा करत; आपण राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असं अशोक त्यात सांगतो. या धर्मयात्रेत काय करायचं तर वृद्धांना भेटायचं आणि गावोगावच्या लोकांशी बोलायचं. हे तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेले आहेत. सहलीच्या आधी ते पाहून आलात तर सोपाऱ्याची ओसाड जागा एकदम भरल्यासारखी वाटते, असा माझा अनुभव आहे.

तिथून चक्रेश्वर तळं जवळच आहे. तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळाच्या आवारात पुरुषभर उंचीची ब्रह्मदेवाची मूर्ती आहे. ब्रह्मदेव उभा पाहायला मिळणं दुर्मीळ, तेव्हा पाच मिनिटं तिच्यासमोर थांबा. साडेदहापर्यंत सोपारा आटोपतं.

सोपाऱ्याहून वसई गावाकडे

इथे दोन वाटा आहेत. परत स्टेशनवर येऊन एकच स्टेशन मागे वसई रोडला उतरायचं, हा स्वस्त मार्ग. पण चौघे असाल तर दोन रिक्षा ठरवून निर्मळ, भुईगाववरून आतल्या रस्त्याने वसई गावात या. भाडं आधीच ठरवा आणि "वाटेत निर्मळला थांबायचं आहे" हेही तेव्हाच सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. मी दर वेळी हीच वाट घेतो, कारण खरी वसई ती.

स्टेशनपासून तीन-चार किलोमीटर आत आलं की इमारती मागे पडतात आणि वाड्या सुरू होतात. केळी, पानवेली, मोगरा, आणि मधूनच दिसणारी विहीर. निर्मळला मोठं तळं आहे आणि टेकाडावर शंकराचार्यांचं देऊळ. कार्तिक वद्य एकादशीला इथे यात्रा भरते. तळ्याच्या आसपास चर्चही आहे. एका हाकेच्या अंतरात देवळाची घंटा आणि चर्चची घंटा ऐकू येणारी अशी गावं या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तळ्याच्या काठी बसलो होतो. लाल लुगडं नेसलेल्या एक आजी भाजीची टोपली खाली ठेवून शेजारी टेकल्या. त्या नातवाशी बोलत होत्या त्यातलं मला निम्मंच कळलं. ती कादोडी, इथल्या सामवेदी आणि कुपारी समाजाची बोली. मराठीच्या अंगणातलीच, पण चाल वेगळी. "कुठून आलात?" हे मात्र त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं आणि टोपलीतली चार वेलची केळी काढून पुढे केली. पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी आम्ही त्यांच्याकडून पालेभाजीच्या दोन जुड्या घेतल्या आणि त्या दिवसभर पिशवीत घेऊन किल्ला फिरलो.

वाटेत किंवा वसईच्या बाजारात सुकेळी दिसली तर घ्याच. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून करतात, साखर लागत नाही. रंगाने मधासारखी, चिकट, आणि केळीच्या पानात बांधलेली. कोरड्या हवेतच ती होतात, म्हणून पावसाळ्यात मिळाली नाहीत तर हट्ट धरू नका.

जेवण

वसई गावात पार नाका किंवा झेंडा बाजार इथे उतरा. मासे खाणाऱ्यांनी ओल्या बोंबलाची चौकशी करावी, न खाणाऱ्यांना साधी थाळी सहज मिळते. जेवून दोन बाटल्या पाणी भरून घ्या आणि स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या. किल्ल्यात या दोन्हींची सोय गृहीत धरू नका.

वसईचा किल्ला

जे थेट गाडीने वसईला येतील त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. स्टेशनचं नाव वसई रोड आहे. रेल्वेच्या भाषेत नावापुढे "रोड" लागलं की समजायचं, गाव अजून लांब आहे. इथून किल्ला सहा-सात किलोमीटरवर. पश्चिमेला महापालिकेची बस किंवा शेअर रिक्षा मिळते.

किल्ला पाहायला निदान अडीच तास हवेत. शंभराहून अधिक एकरांत पसरलेलं हे एक अख्खं शहर होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे त्यांचं राज्य होतं. गावातला रस्ता तटातून आत शिरतो आणि सरळ बंदरावर जातो, त्यामुळे आत आलो हे पटकन लक्षातच येत नाही. रिक्षा चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी सोडा आणि तिथून पायी फिरा.

आधी रस्त्याने थेट बंदराकडच्या दर्या दरवाजापर्यंत चालत जा, आणि परत येताना एकेक इमारत पाहा. दरवाजाच्या जाड फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. त्या खिळ्याच्या टोकावर बोट टेकवून पाहा. खारी हवा खाऊन लोखंड बोथट झालंय, पण त्याचा धाक अजून जाणवतो. दरवाजाची वाट सरळ आत जात नाही, काटकोनात वळते. शत्रू वळला की त्याची बाजू उघडी पडते.

परतताना सेंट जोसेफचं चर्च येतं. त्याचा उंच मनोरा लांबूनही दिसतो. छप्पर गेलेलं, पण कमानी शाबूत. मनोऱ्यात चक्राकार जिना आहे. त्यावर चढू नका, पायऱ्या झिजल्या आहेत आणि वर कठडा नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये मात्र वेळ काढा. तिथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. वाकून अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. पोर्तुगीज येत नसलं तरी साल आणि नावं लागतात, आणि "सेपुल्तुरा" हा शब्द ओळखता आला की समजायचं, थडग्याचा मजकूर इथून सुरू होतो. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होतं, तेव्हा कोरलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. भर दुपारी आलात तर त्याच शिळा कोऱ्या वाटतील.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत, तिचे खांब आणि कमान, हे किल्ल्यातलं सगळ्यात देखणं काम. ते आता गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जातं. हा वसईत जन्मलेला मुलगा पुढे जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं, आणि १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईकर ख्रिस्ती दरवर्षी इथे त्याचा सण करतात, म्हणून या पडक्या वास्तूत मोठ्याने ओरडणं, भिंतींवर चढून फोटो काढणं टाळा. इथे आजही प्रार्थना होते.

१७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी सुरुंग लावून जमिनीकडचा तट फोडला आणि वसई घेतली. किल्ला दाद देईना तेव्हा चिमाजी अप्पांनी "निदान माझं मस्तक तरी तोफेने उडवून किल्ल्यात पडू द्या" असं म्हटल्याची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. पुतळ्याखाली उभं राहून ती आठवतेच. मला त्याहून जास्त भिडते ती चर्चच्या घंटांची गोष्ट. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरला आणि मेणवलीला ज्या थोरल्या घंटा पाहतो, त्या इथल्या. तुम्ही त्यांपैकी एखादी पाहिली असेल तर रिकाम्या मनोऱ्याकडे वर बघा, तिची जागा कळेल.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. पेशवाईचा शेवट तिथून सुरू झाला.

किल्ल्यात नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळही आहे, सावलीत टेकायला ती चांगली जागा. आतल्या बाजूच्या पडक्या दालनांत एकट्याने जाऊ नका, विशेषतः मुलींनी. झाडी दाट आहे आणि हाक ऐकायला कोणी नसतं. बुटांशिवाय फिरू नका.

वेळ असेल तर दर्या दरवाजाबाहेर किल्लाबंदर, पाचूबंदर या कोळीवाड्यांपर्यंत जाऊन या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीने टांगलेले असतात, वारा आला की एकदम हलतात. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका.

समुद्र

साडेचार-पाचला किल्ल्यातून निघा. सगळ्यात जवळ सुरुची बाग, किनाऱ्याला लागून सुरूची झाडी. थोडं लांब भुईगाव. दोन्हींकडे रिक्षा न्या, पण तिला थांबवून ठेवा किंवा परतीची वेळ ठरवा. अंधार पडल्यावर तिथे रिक्षा मिळत नाही.

जाण्याचा दिवस ठरवतानाच भरती-ओहोटी पाहावी. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आत-बाहेर भरती आणि संध्याकाळी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मावळतीला लांबरुंद ओली वाळू आणि तिच्यात उतरलेला सूर्य पाहायचा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या. पाणी जवळ हवं असेल तर अष्टमी बरी. तेव्हा भांगाची भरती असते, उधाणासारखी अंगावर येत नाही.

पाण्यात घोट्यापर्यंतच जा. या किनाऱ्यांवर खालून ओढ असते आणि तळ एकदम खचतो. पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत. लहान मुलांचा हात सोडू नका.

परतताना

एक वेगळी वाट आहे. किल्ल्याच्या बंदरातून भाईंदरला रो-रो बोट जाते, फेब्रुवारी २०२४ पासून. सकाळी पुलावरून पाहिलेली खाडी पंधरा-एक मिनिटांत पाण्यावरून ओलांडता येते, आणि पलीकडून भाईंदर स्टेशनला रिक्षा. ही घ्यायची असेल तर दुपारी दर्या दरवाजापाशी असतानाच बंदरावर जाऊन शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा, आणि समुद्र त्या हिशोबाने आधी उरका.

नाहीतर पार नाक्यावरून वसई रोडला शेअर रिक्षा. साडेसात-आठला चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत आरामात बसायला मिळतं. चुकूनही विरारच्या बाजूच्या फलाटावर जाऊ नका. त्याच वेळी तिकडे दिवसभर काम करून आलेली गाडीभर माणसं उतरत असतात आणि ती सगळी एकाच जिन्याकडे वळतात. तुमच्या गाडीला अजून वेळ असतो, कडेला भिंतीशी उभे राहा, पिशवी पोटाशी घ्या, आणि आधी त्यांना घरी जाऊ द्या.